चटणीचा हात आणि विंचवाचा डंख

मैत्रिणींनो, गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी वर्षाची चटणी झाली. कोल्हापूरकडच्या बायकांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्या वाचक भगिनींसाठी सांगते. आमच्याकडे चटणी म्हणजे खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची नव्हे. चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा कांदा-लसणाचा लाल मसाला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी जवारी, आणि घरात मुलं झणझणीत खाणारी असतील तर वर मूठभर लवंगी. हल्ली तयार पुडे मिळतात, पण सासूबाई हयात असेतो आमच्या घरात पुडा यायचा नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजून चुकले आहे.

आमचं घर कळंब्याला, तलावापासून जवळ. गच्चीवर वारा असतो म्हणून मिरच्या तिथेच वाळत घालतो. देठं खुडायला मी, जाऊबाई, सासूबाई आणि शेजारच्या मावशी अशा चौघी बसलो. गप्पांत तीन तास कधी गेले कळलं नाही. हात धुतले, कपभर चहा घेतला, आणि मग सुरू झाली आग! जाऊबाईंनी तर माठातल्या पाण्यात हात घालून ठेवले. हात पाण्यात असेतो बरं, बाहेर काढला की पुन्हा होळी. कोणी म्हणालं कोमट पाणी घ्या. घेतलं मात्र, त्या किंचाळल्याच. एवढ्यात धाकट्या पुतण्याने जाऊबाईंचा पदर धरून तोच हात डोळ्याला लावला. पुढचा गोंधळ सांगत नाही.

आमची पुतणी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. ती हसत म्हणाली, "काकी, मिरची तिखट नसतेच मुळी. ती तुम्हाला भाजल्याचं खोटं सांगते." मी म्हटलं, बाई गं, माझे हात जळतायत आणि तुला कोडी सुचतायत! पण रात्री तिने मला समजावून सांगितलं आणि मला त्याची इतकी गंमत वाटली की या वेळी लोणच्याच्या फोडींबद्दल लिहायचं ठरलं होतं ते मागे ठेवून हेच लिहायला बसले.

आधी उपाय सांगते, कारण आज कुणाकुणाच्या घरी मिरच्या वाळत असतील. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो त्याला कॅप्सायसिन म्हणतात. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने हात कितीही धुवा, ते जागचं हलत नाही. हाताला गोडं तेल चांगलं चोळायचं, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, मग भांड्याच्या साबणाने धुवायचं. असं दोन-तीनदा. नंतर हवं तर थंड दुधात किंवा दह्यात हात बुडवा. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध, ताक, दही बरं. मिसळीनंतर आपल्याकडे ताकाचा पेला समोर येतो, तो उगाच नव्हे. डोळ्यात गेलं तर मात्र तेल नाही, दूध नाही, गुलाबपाणी नाही. स्वच्छ पाण्याची धार धरायची, दहा-पंधरा मिनिटं, न कंटाळता. तरी लाली उतरली नाही, दिसायला धूसर झालं, तर डॉक्टरांकडे. आणि पुढच्या वर्षी देठं खुडण्याआधीच हाताला तेल लावून बसा, किंवा सरळ रबरी हातमोजे घाला. सासूबाईंनी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आता ते खोटं कसं, ते ऐका. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक खोली समजा. तिच्या भिंती स्निग्ध, तेलकट. खारट कणांना त्यातून आरपार जाता येत नाही. मिठातला सोडियम, केळ्यातला नि शहाळ्यातला पोटॅशियम, दुधातला कॅल्शियम, हे शरीरात विरघळले की त्यांच्यावर विजेचा भार असतो. अशा कणांना आयन म्हणतात. त्यांच्या जाण्यायेण्यासाठी भिंतीत जागोजागी प्रथिनांची बारीक दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनल म्हणतात. आपण आपलं दारंच म्हणू. सोडियम बाहेर गर्दी करून उभा, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेर रांग असते ना, तसा. पोटॅशियम आत. दार उघडलं की एका सेकंदात लाखो कण आत घुसतात, भिंतीवरचा विजेचा दाब बदलतो, तो बदल पुढच्या दाराला कळतो, ते उघडतं, मग त्याच्या पुढचं. अशी ही दारं उघडत उघडत बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत निरोप जातो. आपण बघतो, ऐकतो, चव घेतो, दुखलं म्हणतो, सगळं या दारांच्या उघडझापीवर. दार एक-दोन सहस्रांश सेकंदात मिटतंही, आणि ते मिटणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईल.

ही दारं इतकी लहान की अनेक वर्षं ती आहेत असा नुसता तर्क होता. १९७६ साली एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी काचेची अतिशय बारीक नळी पेशीला चिकटवून एकेका दारातून जाणारा विजेचा प्रवाह मोजला. १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यातलं एक दार उष्णतेचं. साधारण ४३ अंशांच्या पुढे, म्हणजे जिथून आपल्याला पोळायला लागतं तिथून, ते उघडतं आणि मेंदूला कळवतं, "भाजतंय, हात काढ!" गंमत अशी की मिरचीतलं कॅप्सायसिन याच दारात जाऊन बसतं आणि भाजलेलं नसताना ते उघडतं. मेंदूला काय कळणार? त्याच्याकडे आलेला निरोप एकच, भाजलं. म्हणून मिरचीला आपण "पोळली", "जाळ झाला", "आग झाली" असंच म्हणतो. भाषा बरोबरच होती म्हणायची. कॅप्सायसिन बसलेलं असलं की हे दार आणखी हळवं होतं, एरवी सोसणाऱ्या ऊबेलाही उघडतं. जाऊबाई कोमट पाण्याने का किंचाळल्या ते आता कळलं ना? आणि थंड पाण्यात का बरं वाटत होतं तेही. झणझणीत मिसळ खाऊन वर कडक चहा घेतला की जीभ दुप्पट पोळते, तेही यानेच.

हे दार शोधलं अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी, १९९७ साली. त्यांची एक हकीकत सांगतात. बरेच दिवस मिरचीचं कोडं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. एकदा दुकानात मसाल्यांच्या आणि तिखट सॉसच्या बाटल्यांपुढे उभे राहून ते बायकोला म्हणाले, की याचा एकदा छडा लावायला हवा. बाईही शास्त्रज्ञच. त्या म्हणाल्या, मग लाव की! आणि त्यांनी लावला. २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. नवऱ्याच्या मनातली गोष्ट बाजारहाट करता करता मार्गी लावून देणं आपल्याला काही नवं नाही, पण त्याचं नोबेल होतं हे मात्र मला नवं होतं.

त्यांच्याबरोबर ते पारितोषिक अर्डेम पटापुटियन यांनाही मिळालं, स्पर्शाच्या दारांसाठी. त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींना बारीक नळीने टोचत, एकेक जनुक बंद करून पाहिलं, की कोणतं बंद केल्यावर पेशी स्पर्श ओळखायची थांबते. यादीत ७२ जनुकं होती आणि हवं ते निघालं शेवटचं! ७१ वेळा निराश होऊन ७२ वं उघडायची चिकाटी तांदूळ निवडणाऱ्या बाईलाच कळेल. या दारांना पिएझो म्हणतात. दिवे गेले तरी आपण अंधारात चाचपडत काड्याची पेटी शोधतो, हात-पाय कुठे आहेत हे न बघता कळतं, ते त्यांच्यामुळे.

पुदिन्याचं आणखी वेगळं. पुदिन्यातलं मेन्थॉल थंडीच्या दारात जाऊन बसतं. सर्दीला लावायच्या मलमाने छाती गार वाटते, पण थर्मामीटर लावलात तर पारा आहे तिथेच. मोहरीची फोडणी, लसूण, कांद्याची वाफ यांचंही एक निराळं दार आहे, चुरचुरीचं. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं त्यात त्याचाच हात असतो.

माझ्या मनात एक प्रश्न लहानपणापासून होता. माझ्या माहेरी पिंजऱ्यात राघू असे (आता पाळायला कायद्याने बंदी आहे, आणि ते बरंच झालं). तो लवंगी मिरची गुलाबजामासारखी खायचा. मी पुतणीला विचारलं, त्याला कसं पोळत नाही? तर म्हणाली, पक्ष्यांच्या त्या दाराला कॅप्सायसिन बसण्याजोगी खाचच नाही. त्यांना उष्णता कळते, मिरची कळत नाही. मिरचीची सोयही त्यातच. माणसासारखे प्राणी बी चावून टाकतात, पक्षी ते अख्खं गिळतात आणि दूर नेऊन टाकतात.

इथवर सगळं गमतीचं. पण रात्री हे ऐकता ऐकता माझ्या मनात दुसरंच काही आलं, आणि खरं तर ते सांगण्यासाठीच आज पेन हाती घेतलं.

मी नऊ वर्षांची होते. माझ्या मैत्रिणीला, आमच्या घरामागच्याच मुलीला, शेणी काढताना विंचू चावला. लाल, लहान. ती रडून रडून लोळत होती. विंचू उतरवणारे एक बाबा आले. दिवा लावला, मंत्र झाला, कडुलिंबाचा पाला फिरवला. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. हळूहळू तिचं रडणं कमी झालं. अंगाला दरदरून घाम सुटला, दोनदा ओकारी झाली, हातपाय गार पडले. सगळ्या बायका म्हणाल्या, "घाम आला, ओकून पडलं, विष उतरलं!" तिच्या आईने बाबांच्या पाया पडून नारळ दिला. मला घरी पाठवलं. पहाटे ती धापा टाकत गेली. इतकी वर्षं मी समजत होते की विष उतरलं होतं आणि मग तिला दुसरंच काहीतरी झालं.

आता ऐका. लाल विंचवाचं विष त्या दारांवरच काम करतं. सोडियमचं दार उघडल्यावर क्षणात मिटायला हवं. विष ते मिटू देत नाही. दार उघडं अडकून राहतं, मज्जातंतू थांबतच नाहीत, निरोपामागून निरोप सुटतात. शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो. घाम, ओकारी, तोंडाला लाळ, गार पडलेले हातपाय ही सगळी त्या पुराची पहिली चिन्हं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणजे बायका ज्याला विष उतरल्याची खूण म्हणत होत्या ती विष चढल्याची खूण होती.

नुसती जागेवर भयंकर आग होते आणि बाकी काही होत नाही, ते दंश बहुधा जीवावर बेतत नाहीत. तशा माणसाची आग काही तासांनी आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला जातं. मंत्रावर विश्वास बसतो तो त्यामुळे. गंभीर दंशात मात्र त्या विश्वासापायी हातातले तास जातात.

हे ओळखून लिहून ठेवणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातलाच, ही गोष्ट प्रत्येकीला माहीत असायला हवी. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमाराला रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचवाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती, आणि त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाला काय होतं ते टिपलं. घाम, ओकारी, गार हातपाय ही हृदयाला धोका असल्याची आधीची सूचना असते, हे त्यांचं निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. ते अडकलेलं दार मिटवत नाही, पण अ‍ॅड्रेनलिनच्या पुराने रक्तवाहिन्या आवळतात त्या सैल करतं, आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांतले तीसच्या आसपास जात असत. या उपचाराने ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं.

त्यांच्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. या दोघांनी महाडला ७० रोग्यांवर केलेला अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस दोन्ही दिली तर रोगी लवकर सावरतात, असं त्यात दिसलं. दोन्ही दिलेल्यांपैकी शंभरी ९१ जण दहा तासांत बरे झाले होते, नुसतं प्राझोसिन दिलेल्यांपैकी शंभरी २३. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. प्रमोदिनीताईंचं नाव त्या वेळी किती जणींनी वाचलं, हा प्रश्न मी मनातच ठेवते.

आणखी एक सांगते. याच लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमच्या एका दाराला बूच मारणारं द्रव्य सापडलं, आयबेरिओटॉक्सिन. १९९० पासून जगभरच्या प्रयोगशाळांत ते दार ओळखायला हेच वापरतात. आपल्या शेणीखालचा विंचू कुठे पोचला बघा!

दार अडकवणं वाईट, तसं बंद करणं उपयोगी पडतं. दात काढताना डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, ते सोडियमची दारं बंद करतं. निरोपच निघत नाही, म्हणून दुखत नाही. विंचवाच्या जागेवरची असह्य आग कमी करायला डॉक्टर तेच इंजेक्शन तिथे देऊ शकतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मावशींच्या सात वर्षांच्या नातवाला विंचू चावला. घराचं काम चाललंय, विटांचा ढीग पडलाय, त्यात पोराने चेंडू काढायला हात घातला. आमच्या कळंब्यात आता जिकडेतिकडे बांधकामं, तेव्हा हे व्हायचंच. मावशी म्हणाल्या, "थोडी कळ काढूया, आग उतरतेय का बघू." मी पाहिलं, पोराचं कपाळ ओलं झालं होतं. हात हातात घेतला तर गार. मला तो हात ओळखीचा वाटला. मी काही बोलले नाही, सरळ ह्यांना गाडी काढायला लावली. पंचवीस मिनिटांत दवाखान्यात होतो. दोन दिवस ठेवून घेतला त्याला. तिसऱ्या दिवशी त्याच विटांवर चढून बसला होता.

तर मैत्रिणींनो, हे पानावरून कापून स्वयंपाकघरात लावा. विंचू चावला तर जागेवर कापू नका, वर दोरी आवळू नका, मिरची, चुना, लसूण काही लावू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून धरा, आग जरा कमी होते. रोग्याला चालवू नका. लहान मूल असेल तर चिन्हांची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या. मोठ्या माणसाला घाम, ओकारी, लाळ, गार हातपाय, धडधड किंवा धाप यातलं एकही दिसलं तर तासभरही थांबू नका. दवाखान्यात "लाल विंचू" असं स्पष्ट सांगा, चावल्याची वेळ सांगा. प्राझोसिनच्या गोळ्या घरात आणून आपल्या मनाने देऊ नका. त्यांचं प्रमाण वजनावर असतं आणि रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. मोठी काळी इंगळी दिसायला भीतिदायक, पण जीव घेणारा बहुधा लहान लालच. सकाळी बूट-चपला झटकून घाला, लाकडं, विटा, शेणी काढताना आधी काठीने हलवा, अंथरूण भिंतीला टेकवू नका. शेतावर घर असेल तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन ठेवा. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो आणि अंधारातही लपत नाही.

परवा चटणी डंकावरून कांडून आली. मावशींनी आपल्या हाताने आमच्या बरण्या भरून दिल्या, दाबून दाबून, वर मीठ आणि हिंगाचे खडे. सासूबाईंना मी मिरचीच्या दाराची हकीकत सगळी सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "औंदा लवंगी जरा जास्तच पडली बघ."